रेनोजीरावांची टेक्सासातली लेक

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे थंडी किती होती, नायगारा पाहिला का आणि शाकाहारी मिळतं का, हे विचारल्याशिवाय चहा देत नाहीत. मी गेले टेक्सासात, तेही ऐन उन्हाळ्यात, आणि राहिले बव्हंशी एका फ्रेंच सरदाराच्या सहवासात. त्यामुळे पहिल्या दोन प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नाही. तिसऱ्याचं उत्तर मला सरदाराच्या घरीच मिळालं. बटाटा मिळतो.

अर्विंग

माझी थोरली बहीण आणि भाऊजी सत्तरच्या दशकात अमेरिकेत गेले. भाऊजी हृदयाचे डॉक्टर, आता निवृत्त. दोन हजार सहाच्या मे महिन्यात त्यांच्या मुलाचं, निखिलचं, लग्न ठरलं आणि मावशीने यायलाच हवं म्हणून मला तिकीट आलं. मी मिरजेच्या मुलींच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवला. तहांच्या अटी मुलींकडून पाठ करून घेतल्या, पण विमानात पट्टा कसा लावायचा ते शेजारच्या मुलीने शिकवलं.

डॅलसजवळच्या अर्विंगला, ताईच्या गावी, पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिरायला बाहेर पडले. रस्त्याला फूटपाथच नव्हता. लोक फिरायला जायचं असेल तर आधी मोटारीत बसतात, एका बंद इमारतीत जातात आणि तिथे एका पट्ट्यावर जागच्या जागी चालतात. मी गवतातून चालत होते तर एक पोलिसाची गाडी शेजारी येऊन थांबली. बाईंना काही मदत हवी आहे का, असं त्याने अदबीने विचारलं. मी फिरते आहे असं सांगितल्यावर त्याला माझी अधिकच काळजी वाटली. शेवटी त्याने मला ताईच्या दारात आणून सोडलं आणि समोरच्या घरातले पडदे हलले.

देशी दुकानात मात्र मला मिरजेहून जास्त मिरज सापडली. कढीपत्ता, कुरडया, गोठवलेल्या पुरणपोळ्या, आणि माझ्याकडे पाहून "काकू, इंडियातून नवीन आलात?" असं विचारणारी मुलं. तिथे सगळे माणसाला ओळख होण्याआधीच काकू म्हणतात. पुण्याची, नागपूरची, मुंबईची मराठी एकाच रांगेत उभी राहून कोथिंबीर कुठली फ्रेश आहे यावर वाद घालते.

भाऊजींच्या दिवाणखान्यात काचेच्या टेबलावर इनामदारांचा कुलवृत्तांत ठेवलेला असतो. पाहुणा आला की पाण्याच्या आधी तो पुढे येतो. त्यांचे कुणी पूर्वज पेशवाईत पागेवर होते. मी इतिहासाची शिक्षिका असल्यामुळे पागेवरचे सगळेच सरदार नसतात, कुणीतरी घोड्यांची चंदीही मोजतं, हे मला ठाऊक आहे. पण पाहुणीने काय बोलावं याचे नियम असतात. त्या ग्रंथात भाऊजींच्या आजोबांचं, विष्णुपंतांचं पान आलं की भाऊजी दोन पानं एकदम उलटतात. कारण तिथे सरळ छापलेलं आहे की विष्णुपंत हे आठवल्यांच्या घरातून दत्तक आले. यात लपवण्यासारखं काही नाही आणि कुणी लपवतही नाही. फक्त पागेची गोष्ट सांगताना ते पान मध्ये येतं.

डेलचा वाडा

मुलीचं नाव हॉली. ही डॅलसच्या पलीकडच्या गावातली, लहान मुलांना शिकवते, हसते मोठ्याने. तिच्या घरी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. घराच्या दाराशी टपालाची पेटी, त्या पेटीवर निळ्या रंगाची ढाल आणि ढालीवर एक पिवळं रानडुक्कर. तेच रानडुक्कर पायपुसण्यावर, सरबताच्या पेल्यांवर, आणि यजमानांनी मांस भाजताना बांधलेल्या एप्रनवरही होतं. यजमान म्हणजे डेल. पिकअप ट्रक विकण्याचा त्याचा मोठा धंदा आहे. त्याने माझा हात हातात घेऊन इतका हलवला की बांगड्या कोपरापर्यंत गेल्या.

दिवाणखान्यात एक पोलादी चिलखत उभं होतं आणि त्याच्या डोक्यावर फुटबॉलच्या संघाची टोपी होती. त्याच्या मागच्या भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत वंशवृक्ष. सगळ्यात खाली डेल, त्याची बायको लिंडा आणि हॉली. सगळ्यात वर, सोनेरी अक्षरांत, रेनो द मोर्व्हाल, फ्रान्सचा सरदार, आठशे वर्षांपूर्वीचा. मी मनातल्या मनात त्याला रेनोजीराव म्हणून टाकलं, कारण आमच्या भाऊजींसमोर नुसता रेनो टिकला नसता.

भाजलेलं मांस, मांसातच शिजवलेल्या शेंगा आणि माझ्यासाठी तो बटाटा, हे सगळं थंड होईपर्यंत डेलने रेनोजीरावांचं चरित्र सांगितलं. जन्म धाकट्या मुलाचा, म्हणून वाट्याला जमीन नाही. जमीन नाही म्हणून धर्मयुद्धावर गेले. तिथून एक अधू गुडघा आणि अंजिराचं एक रोप घेऊन परत आले. युद्धात काय केलं ते कुठे लिहिलेलं नाही, अंजीर मात्र लिहिलेलं आहे. थोरला भाऊ ताप येऊन गेला तेव्हा गढी मिळाली. मग एका बिशपशी पाणचक्कीवरून भांडण, ते पुढे मरेपर्यंत पुरलं. मधल्या काळात एका विधवेशी लग्न. डेल हे सगळं असं सांगत होता की बिशपने काल सकाळीच पाणी अडवलं असावं.

भाऊजी ऐकता ऐकता कासावीस झाले. आठशे वर्षं म्हणजे पेशवाईच्या कितीतरी मागे. त्यांनी लगेच आमचे पागेवाले बाहेर काढले. डेलने घोडे किती होते असं विचारलं. भाऊजींनी एक आकडा सांगितला, तो कुलवृत्तांतातल्या आकड्याहून बराच धष्टपुष्ट होता. लिंडाने आणि ताईने एकमेकींकडे पाहिलं. दोघींची ओळख अजून जेमतेम होती, पण हे त्यांना न बोलता कळलं.

अमेरिकेत मला भेटलेल्या ज्या ज्या माणसाने वंशवृक्ष काढला आहे तो कुठल्यातरी सरदाराशी जाऊन पोचतो. रेनोजीरावांचा घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दाराला मुलंबाळं झालीच नसावीत. हसू आलं खरं, पण मग मला आपल्याकडचे कुलवृत्तांत आठवले. आपल्याकडेही प्रत्येक घराण्यात मूळपुरुष दैवी साक्षात्काराने कोकणातून वर येतो. केवळ वर काम मिळत होतं म्हणून आलेला एकही मला अजून सापडलेला नाही.

जत्रा

पुढच्या शनिवारी डेल आम्हा सगळ्यांना मध्ययुगीन जत्रेला घेऊन गेला. टेक्सासात, अंगाची लाही होत असताना, हजारो लोक लोकरीचे झगे घालून माळावर फिरत होते. सगळेच उमराव. झाडू मारणाराही कुणीतरी ड्यूक होता. टर्कीची अख्खी तंगडी हातात धरून खाणं हा तिथला शिष्टाचार. मला पुन्हा बटाटा मिळाला, या वेळी काडीवर पिळवटून तळलेला. तो मात्र छान होता आणि मी दुसरा मागून घेतला.

डेल जाळीचं चिलखत घालून आला होता. त्याने भाऊजींना एक शिरस्त्राण दिलं, सरदारांनी सरदाराला द्यावं तसं. भाऊजी नको नको म्हणत आधी आरशात पाहून आले आणि मग त्यांनी ते डोक्यावर चढवलं. चढलं, पण उतरेना. आतून आधी विनोद ऐकू आले, मग सूचना, मग नुसतंच श्वास घेणं. हृदयाच्या डॉक्टरांची नाडी ताईने धरली. शेवटी माझ्या पर्समधली खोबरेल तेलाची बाटली कामाला आली. मिरजेहून निघताना निखिल फोनवर हसला होता की मावशी, अमेरिकेत तेल मिळतं. डेलने एका बाजूने धरलं, निखिलने दुसऱ्या बाजूने, आणि भाऊजी तेलाने चकचकीत होऊन बाहेर आले. हॉली पोट धरून हसत होती आणि डेलला म्हणाली, "डेल, त्यांना पाणी दे."

भाऊजी पाणी प्यायले. मग त्यांनी रुमालाने कान पुसत तिला विचारलं की तू वडिलांना नावाने हाक मारतेस का. हॉली सहज म्हणाली की डेल तिचे सख्खे वडील नाहीत. सख्खे ती रांगत असतानाच ओक्लाहोमाकडे निघून गेले ते गेलेच. डेलने आईशी लग्न केलं तेव्हा ती चार वर्षांची होती.

भाऊजींच्या चेहऱ्यावरचं तेल तसंच होतं, बाकी सगळं बदललं. डेलच्या ते लक्षात आलं नाही. तो उलट खुश झाला, कारण त्याला आवडती गोष्ट सांगायची संधी मिळाली. रेनोजीरावांनी जिच्याशी लग्न केलं त्या विधवेला एक लहान मुलगी होती. लग्नाच्या दिवशी, सगळ्या सरदारांच्या देखत, त्यांनी त्या मुलीला आपल्या झग्याखाली घेतलं. त्या काळी झग्याखाली घेतलेलं मूल आपलं ठरायचं. पुढे रेनोजीरावांना मूल झालंच नाही. गढी, ढाल, रानडुक्कर, सगळं त्या मुलीला गेलं, आणि भिंतीवरचा तो सगळा वृक्ष तिच्यापासून खाली आला आहे.

माझ्यातली शिक्षिका गप्प बसेना. मी म्हटलं, "म्हणजे तुमच्यात रेनोचं रक्त थेंबभरही नाही."

"थेंबभरही नाही," डेल म्हणाला. "आमच्याकडे फक्त तो झगा आला. माझ्या झाडावर दुसरे दोन ड्यूक आहेत. मी भिंतीवर याला लावला."

इतके दिवस मी ज्या माणसाची मनातल्या मनात टिंगल करत होते तो एकदम मला आवडून गेला. जाळीचं चिलखत आणि हातात टर्कीची तंगडी, तरीसुद्धा.

कढी

घरी परतल्यावर जेवणाच्या टेबलावर भाऊजींनी निर्णय जाहीर केला. कन्यादान डेल करणार नाही. सख्खा बाप नाही, त्याला तो अधिकार नाही. त्यांचे मित्र डॉक्टर कानिटकर आणि त्यांच्या पत्नी मुलीला विधिपूर्वक दत्तक घेतील, तिला आपलं गोत्र देतील आणि कन्यादान करतील.

ही चाल तिकडे सर्रास आहे, हे मला तेव्हा कळलं. सून परदेशी असली की एखादं मराठी जोडपं त्या सकाळी तिचे आईबाप होतं. मंत्र म्हणतात, पाणी सोडतात, मुलगी देऊन टाकतात आणि जेवून घरी जातात. कानिटकरांनी अशा बऱ्याच मुली दिल्या होत्या आणि त्यांना त्याचा अभिमान होता. हॉलीला त्यांनी अजून पाहिलंही नव्हतं.

मी म्हटलं, म्हणजे कानिटकर अक्षता टाकायच्या वेळात बाप होऊ शकतात आणि डेल वीस वर्षांत होऊ शकत नाही, असं का. भाऊजी म्हणाले, "तुम्ही इतिहास शिकवलात, धर्मशास्त्र नाही." निखिल ताटाकडे बघत पुटपुटला, "बाबा, धिस इज नॉट फेअर." त्याला उत्तर मिळालं की मोठ्यांमध्ये बोलू नये. तो मुलगा एकतीस वर्षांचा आहे. ताईने सगळ्यांना कढी वाढली, भाऊजींना दोनदा.

डेलला हॉलीने सांगितलं. त्यांच्या लोकांची रीत असेल तर मी मान देईन, एवढंच तो म्हणाला. पण हॉलीने मला स्वयंपाकघरात गाठलं आणि तिचे डोळे भरून आले. डेलने गुरुजींकडून कन्यादानाचे शब्द सीडीवर भरून घेतले होते आणि महिनाभर ट्रकमध्ये ते म्हणत होता. आता गरज नाही असं सांगितल्यावरही तो ट्रकमध्ये ते म्हणतोच आहे. मला तिची फार दया आली आणि आपल्या माणसांची लाज वाटली. मी तिला जवळ घेतलं. त्यापलीकडे माझ्या हातात काय होतं.

देवळाचा हॉल

गुरुजी नागपूरचे. सोमवार ते शुक्रवार टेलिफोन कंपनीत सॉफ्टवेअर लिहितात, शनिवार-रविवार लग्नं लावतात. उपरण्याला छोटा माइक अडकवलेला, कारण पाहुण्यांना मागे ऐकू यायला हवं. "वेळेत सुरू करू या, साडेबाराला हॉल दुसऱ्यांना बुक आहे यार," असं ते निखिलच्या मित्राला म्हणाले ते सगळ्या हॉलने ऐकलं.

डेल पहिल्या रांगेत बसला होता. निखिलच्या मित्रांनी त्याला धोतर नेसवलं होतं आणि वर पट्टा बांधला होता. खांद्यावर ताईने दिलेलं रेशमी उपरणं. त्याचे ओठ हलत होते. मांडवात कानिटकर दांपत्य जरीत बसलं होतं. मुलीचं नाव त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

आता कन्यादानात दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्यांची नावं घ्यावी लागतात. हा कुणाचा पणतू, कुणाचा नातू, कुणाचा मुलगा. ही कुणाची पणती, कुणाची नात, कुणाची मुलगी. गुरुजींनी आधी मुलाकडची विचारली. वडिलांचं नाव झालं, आजोबांचं झालं.

"आणि पणजोबा?"

"विष्णुपंत," भाऊजी म्हणाले.

त्यांच्या शेजारी ताई शालू नेसून बसली होती. ती गुरुजींच्या उपरण्याकडे किंचित झुकली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आठवल्यांकडून दत्तक आलेले. मंत्रात बसत असेल तर तेही म्हणा."

माइकने ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलं. भाऊजींचा हात पळीवर तसाच राहिला. गुरुजी गोंधळले. "काकू, दत्तक म्हणजे मुलगाच. शास्त्रात काही डिफरन्स नाही. वेगळं म्हणत नाहीत."

"असं ना?" ताई म्हणाली. "मग डेलना वर बोलवा."

जन्मापासून मी माझ्या बहिणीला ओळखते आहे असं मला वाटत होतं. भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं, मग पहिल्या रांगेतल्या त्या पट्टा बांधलेल्या धोतराकडे. मागे कुणाचं तरी मूल "मॉम, व्हॉट हॅपन्ड?" म्हणून विचारत राहिलं. मग भाऊजी घसा साफ करून कानिटकरांना म्हणाले की तुमचे गुडघे दुखत असतील. कानिटकरांचे गुडघे खरंच दुखत होते, ते आनंदाने उठले. डेल आणि लिंडा येऊन बसले. डेलला मांडी घालता येईना, म्हणून त्याने एक पाय पुढे सोडला, अगदी अधू गुडघ्याच्या माणसासारखा.

गुरुजींनी त्याला नावं विचारली. त्याने स्वतःचं सांगितलं, वडिलांचं सांगितलं आणि हॉलीच्या पणजोबांपाशी, म्हणजे स्वतःच्या आजोबांपाशी थांबला. त्याचा आजोबा दारुडा होता, बायकोला मारायचा. त्याच्याऐवजी रेनो चालेल का?

गुरुजींनी आमच्याकडे पाहिलं. "हे तर आठशे वर्षांपूर्वीचे म्हणतात. प्रपितामह कसे होतील?"

"म्हणा, गुरुजी," भाऊजी म्हणाले.

"बरं. क्षत्रिय ना? मग वर्मा लावतो." आणि टेक्सासातल्या त्या हॉलमध्ये, मागच्या स्वयंपाकघरातून मसालेभाताचा वास येत असताना, बिशपशी पाणचक्कीवरून भांडलेल्या त्या लंगड्या सरदाराचं नाव मोठ्याने घेतलं गेलं: रेनोवर्मणः प्रपौत्रीम्, रेनोवर्म्याची पणती.

मग डेलची पाळी आली. "मम कन्याम्," तो म्हणाला. माझी मुलगी. उच्चार इतका स्वच्छ होता की गुरुजींनी मान वर करून पाहिलं. हे तीनदा म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा म्हणताना त्याने खांद्यावरचं उपरणं ओढलं आणि त्याचं एक टोक हॉलीच्या डोक्यावरून घेऊन तिला त्याखाली घेतलं. हे विधीत नाही, असं गुरुजी म्हणाले, पण हळूच, माइकवर हात ठेवून. हॉली रडत होती. मीही रडले, आणि मला रडायला आवडत नाही.

पंगत नव्हती, रांग होती. मी ताट घेऊन उभी होते. माझ्या पुढे भाऊजी कानिटकरांच्या ताटात जिलबी वाढत होते आणि व्याह्यांच्या घराण्याबद्दल सांगत होते. आठशे वर्षांचं जुनं सरदारघराणं आहे म्हणाले. आणि अगदी आमच्यासारखंच, दत्तकावर चालत आलेलं.